शून्य पूर्णांक सहाचं पाणी

पाण्याचा नमुना तपासायच्या आधीच पिऊन टाकणारा माणूस आमच्या खात्यात माझ्याआधी झाला नसावा. झाला असला, तर त्याने ते लिहून ठेवलेलं नाही. मी लिहून ठेवतोय, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका बाटलीपासून सुरू झालं.

मे महिना होता. पांढरकवड्याचा मे ज्याने काढला त्यालाच ठाऊक. दुपारी दोन वाजता हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा गाड्या झाडाखाली घालून पडून असतात. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दोन खोल्या आणि एक फ्रिज. वरचा कप्पा नमुन्यांचा, खालचा आमच्या पिण्याच्या बाटल्यांचा, हा नियम मीच केलेला आणि फ्रिजच्या दारावर माझ्याच अक्षरात चिकटवलेला. मी उन्हातून आलो, दार उघडलं, हाताला लागली ती बाटली तोंडाला लावली आणि अर्ध्याच्या वर रिकामी केली. खाली घेतली तेव्हा अंगठ्याखालची चिठ्ठी दिसली. तारीख, वेळ, 'नवीन हातपंप, अंगणवाडीजवळ', आणि आणणाऱ्याचं नाव: कमलाबाई, अंगणवाडी सेविका.

गेडाम मामा, म्हणजे आमचे परिचर, रिटायरमेंटला वर्ष राहिलेले, कोपऱ्यात काचेच्या नळ्या पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कसं हाये, भाऊ?"

"काय कसं?"

"पानी. तुमी तपासून राह्यले न आत्ता."

उरलेलं पाणी दोन-तीन तपासण्यांपुरतं होतं, पण त्याला माझं तोंड लागलेलं. नमुना बाद.

आता या धंद्याबद्दल चार शब्द सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही सव्वीस वर्षं फ्रिज उघडून पाणीच पितो. लोकांची समजूत अशी की चांगलं पाणी डोळ्यांनी दिसतं आणि जिभेला कळतं. क्षार जिभेला कळतात, गढूळपणा डोळ्यांना दिसतो, हे खरं. पण आमच्या भागातला खरा त्रास फ्लोराइडचा, आणि त्याला ना रंग, ना वास, ना चव. बोअर खोल गेली की खडकातून ते पाण्यात उतरतं. थोडं असलं तर दाताला बरं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर वर्षानुवर्षं पोटात गेलं, की लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि मोठ्यांचे गुडघे वाकायला नाही म्हणतात. म्हणून ते मोजावं लागतं, आणि मोजायला पद्धत लागते.

पद्धत साधी आहे. लाल रंगाचं एक द्रावण असतं. फ्लोराइड असलेलं पाणी त्यात घातलं की लाल फिका पडतो. जितकं फ्लोराइड जास्त, तितका रंग फिका. किती फिका, ते यंत्र उजेड आरपार सोडून सांगतं. पण यंत्राला थेट विचारायचं नाही. आधी तीन नळ्या मांडायच्या. पहिलीत काहीच नाही, हे मला ठाऊक असतं. दुसरीत किती आहे हेही मला ठाऊक असतं, कारण ते मीच घातलेलं. तिसरी तुमच्या पाण्याची. पहिल्या दोन नळ्यांची उत्तरं यंत्राने बरोबर दिली, तरच तिसरीवर विश्वास ठेवायचा. तोही दोनदा मोजून. माझ्या मुलीचा अभ्यास मी याच रीतीने घ्यायचो. मला येतात ते प्रश्न आधी, मग बाकीचे, आणि सगळे दोनदा. सहावीनंतर तिने माझ्याजवळ पुस्तक उघडलं नाही.

घरीही मी एकदा महिनाभर भाजीतलं मीठ तोलून घालायला लावलं होतं. बायकोने, म्हणजे वंदनाने, एकतीस दिवस ऐकलं. बत्तिसाव्या दिवशी काटा उचलून माझ्या ऑफिसच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, याला तिकडंच जेवू घाला.

गिऱ्हाइकंही एकेक. एकाने विहिरीचं पाणी दारूच्या क्वार्टरमध्ये भरून आणलं. पाणी उत्तम निघालं, पण मामा नंतर दोन दिवस त्या गावाची आपुलकीने चौकशी करत होते. एका आजोबांनी तांब्याच्या लोट्यात, वर झेंडूचं फूल ठेवून आणलं आणि फूल काढलं म्हणून रागावून परत नेलं. यवतमाळचा एक गृहस्थ नवं फिल्टर मशीन घेतलेला. त्याला आकडे नको होते, शेजाऱ्यापेक्षा आपलं पाणी चांगलं आहे एवढंच सही-शिक्क्यानिशी लिहून हवं होतं. शेजाऱ्याचं पाणी आणा म्हटलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "ते तो देत नाही न."

अशा सगळ्यांत कमलाबाई वेगळ्या होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, खांद्याला रजिस्टरांची पिशवी. त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा केळापूरच्या पुढे आत. रस्त्यापर्यंत ऑटो, तिथून पुढे मिळेल ते. तांड्यात आधी दोन हातपंप होते आणि दोन्हींना आम्हीच लाल रंग फासलेला, म्हणजे धुवा-सांडा, पण पिऊ नका. शेजारच्या गावाच्या नळाला चार दिवसांआड पाणी. ते आणून कमलाबाई अंगणवाडीतल्या लेकरांची खिचडी शिजवायच्या. कार्यालयांचे उंबरे झिजवून त्यांनी तिसरी बोअर मंजूर करून घेतली. मार्चमध्ये पाणी लागलं. आणि या बाईने जाहीर केलं, की तपासणीचा कागद आल्याशिवाय लेकरांना यातला थेंब मिळणार नाही. दारात पाणी आणि ही कागदाची वाट पाहते, म्हणून तांड्यात त्यांना 'कागदवाली' म्हणायला लागले होते.

आणि तो कागद मी पिऊन बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी त्या रिपोर्ट घ्यायला आल्या. बाटली फुटली असं सांगावं असं मनात आलं होतं. पण समोर मामा बसलेले, आणि त्यांचा चेहरा काहीच लपवत नाही.

"ताई, तुमचा नमुना संपला," मी म्हटलं.

"येवढं पानी लागते तपासाले?"

"नाही. मी प्यालो."

त्यांचा पदर तोंडावर गेला आणि खांदे हलायला लागले. हसणं आवरून त्यांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हटलं, थंड होतं. सोमवारी दुसरी बाटली आणते म्हणाल्या. निघताना दारात थांबल्या आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "मले मालूम नोतं न साहेब, तुमी पेता ते. गढूळ होतं थोडं. नवीन बोअर हाये."

मला वाटलं, बाई चेष्टा करतेय. मीही हसलो. नमुना कसा घ्यायचा, कशात घ्यायचा, त्याला काय करायचं नाही, हे सगळं त्यांना सांगायचा माझा नेहमीचा पाठ होता. त्या दिवशी शरमेपायी तो राहून गेला.

सोमवारी बाटली आली. पाणी काचेसारखं. मी खूश झालो, कारण आधीच्या गुन्ह्याची भरपाई करायची होती. नळ्या तीनच्या जागी सहा मांडल्या. कोरी बरोबर, ठाऊक असलेली बरोबर, आणि कमलाबाईंचं पाणी शून्य पूर्णांक सहा. दुसऱ्यांदाही शून्य पूर्णांक सहा. त्या पट्ट्यात दोन-तीनच्या खाली आकडा दिसत नाही, तिथे हा आकडा! मला पेढे वाटावेसे वाटले. बाकीचे आकडेही मर्यादेत होते. प्रत्येकासमोर बरोबरची खूण केली आणि 'पिण्यायोग्य' असा शिक्का मारला.

कमलाबाईंनी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून अंगणवाडीच्या भिंतीवर लावला. त्याच दिवसापासून खिचडी पंपाच्या पाण्यावर. मामांनी त्या बाजूच्या ओळखीच्याकडून खबर आणली, की बाईला चिडवणाऱ्याच आता घागरी घेऊन रांगेत उभ्या राहतात. मी ते घरी दोनदा सांगितलं. वंदनाने दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

एकोणीस दिवसांनी कमलाबाई परत आल्या. या खेपेला शेजारच्या तांड्याचं पाणी घेऊन, हौसेने. आता त्या भागातल्या पाण्याच्या त्याच जाणकार झाल्या होत्या. मामांनी बाटली उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. तळाशी साखरेच्या दाण्याएवढा एक पांढरा खडा होता.

"हे काय, ताई?"

"तुरटी असन. तिथल्या बाईनं गाळलं नाई वाटते नीट. मी सांगतलं होतं तिले."

"तुरटी कशाला?"

"काहून?" त्यांना प्रश्नच समजला नाही. "साहेब पेतात म्हनून. पाव्हण्याले गढूळ पानी देत नाई न आमी. तुमच्यात बी मी तुरटी फिरवली होती, पन दोन फडक्यातून गाळून देल्ली."

मी खुर्चीत बसलो. मामा उभे होते तेही बसले.

तुरटीचं असं आहे. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम असतं. पाण्यात फ्लोराइड दिसलं की ते त्याला धरून बसतं, सोडत नाही. थोडं तळाशी घेऊन जातं, थोडं पाण्यातच अडवून ठेवतं. मग आमच्या लाल रंगाला भेटायला फ्लोराइड उरतच नाही. रंग लालच राहतो आणि यंत्र प्रामाणिकपणे सांगतं, कमी आहे. यंत्र बरोबर, नळ्या बरोबर, मी दोनदा मोजलेलं बरोबर, आणि उत्तर साफ चूक.

जुना रिपोर्ट काढला. गढूळपणा शून्य, आणि तोही नव्या बोअरचा. सल्फेट बाजूच्या पंपांपेक्षा बरंच जास्त. सामू, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा, खाली घसरलेला. एकेकटे तिघेही मर्यादेत होते, म्हणून मी तिघांवर खूण केली होती. तिघांना एका ओळीत वाचलं असतं, तर त्यात तुरटीचं नाव लिहिलेलं होतं. सव्वीस वर्षांत मी हजारो आकडे मोजले असतील. त्या दिवशी कळलं, की वाचायचे मी फार थोडे.

त्याच दुपारी मामांना गाडीवर मागे बसवून तांड्यावर गेलो. तुरटीचं ऐकून कमलाबाई पुढे ऑटोने निघाल्या होत्या. पंप पाच मिनिटं हापसला, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, भरली, चिठ्ठी लावली. रस्ताभर मामांनी ती बाटली मांडीवर तान्ह्या लेकरासारखी धरली होती. संध्याकाळी नळ्या मांडल्या. दोन पूर्णांक नऊ. परत मोजलं. तीन. आयुष्यात पहिल्यांदा यंत्र बिघडलेलं असावं असं वाटलं. ते बिघडलेलं नव्हतं.

वरिष्ठांना आणि कमलाबाईंना फोन केला, नवा रिपोर्ट लिहिला. 'चुकीचे कारण' या रकान्यात काय लिहायचं, यावर मात्र अडलो. मामा म्हणाले, लिहा, नमुना आणणाऱ्यानं तुरटी टाकली. खोटं नव्हतं. मग कमलाबाईंचा पदराआडचा हसरा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी लिहिलं: नमुना कसा घ्यावा याच्या सूचना विश्लेषकाने दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाजवळ माणसं जमली. मी रात्री मनात चांगलं भाषण जुळवलं होतं. बायका आपसांत गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत, बोलत होत्या. मला शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. मी सुरुवात करतो न करतो तोच कमलाबाई पुढे झाल्या.

"चूक माही हाये. तुरटी मी फिरवली. साहेबाईचं काई नाई याच्यात."

"हे घ्या, कागदवाली," मागून कोणीतरी म्हटलं.

माझं भाषण तिथेच संपलं. मी साध्या शब्दांत सांगितलं, की पहिलं पाणी मी पिऊन टाकलं, म्हणून दुसऱ्यात तुरटी पडली, आणि तुरटी टाकू नका हे सांगायचं काम माझं होतं. त्याचा मला पगार मिळतो, ताईंना नाही. पाणी पिऊन टाकलं म्हटल्यावर मागे एक-दोघी फिसकन हसल्या. तांड्याचे नायक, सत्तरीचे, काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"मंजे सरकारच पेलं आमचं पानी," ते म्हणाले. मग विचारलं, "लाल रंग आनला का?"

आणला होता. मामा पंप रंगवायला बसले. एका म्हातारीने विचारलं, एकोणीस दिवसांत लेकरायचे दात जातीन का? मी म्हटलं, आजी, दिवसांनी नाही जात, वर्षांनी जातात. तेवढं एक उत्तर माझ्याजवळ खात्रीचं होतं आणि ते देताना मला फार बरं वाटलं.

गर्दी पांगली. कमलाबाई भिंतीवरचा कागद काढून घेऊन आल्या आणि पाकिटासकट माझ्या हातात दिला. मी तो घडी करून खिशात घातला.

"साहेब, आता मी सांगीन त्याले कोन मानीन इथं?" त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं.

मी कामाचं विचारलं. तांड्याच्या आजूबाजूला एखादी जुनी, उथळ विहीर आहे का? खोल बोअरला फ्लोराइड लागतं, पण वरच्या पाण्यात ते पुष्कळदा कमी असतं. त्यांनी विचार केला. नायकांच्या शेतात एक होती. बोअर लागल्यापासून तिकडे कोणी फिरकत नव्हतं. बकऱ्या पाण्यावर जातात म्हणाल्या.

विहीर खरंच बकऱ्यांची झाली होती. काठावर लेंड्या, आत पालापाचोळा, पण खाली पाणी हलत होतं. मी बाटली काढली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली.

"सांगा, कसं करू?"

मी राहिलेला पाठ म्हणून दाखवला. त्याच पाण्याने तीनदा विसळायचं. काठोकाठ भरायचं. काही घालायचं नाही, गाळायचं नाही. पाणी जसं आहे तसंच मला हवं, गढूळ तर गढूळ. त्यांनी दोर सोडला, बादली काढली, तीनदा विसळून बाटली भरली. वर पानाचा एक तुकडा तरंगत होता. तो काढायला बोट पुढे गेलं आणि त्यांनी स्वतःच मागे घेतलं.

"ऱ्हाऊ देऊ?"

"राहू द्या."

चिठ्ठीवर 'नमुना घेणारा' या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिलं आणि खाली त्यांची सही घेतली. आधीच्या बाटल्यांवर ती कधी घेतली नव्हती.

त्या संध्याकाळी मी तो नमुना तीनदा मोजला. नळ्यांची रांग पाहून मामा म्हणाले, भाऊ, आता हे पानी थकलं. शून्य पूर्णांक सात, तिन्ही वेळा. आणि या खेपेला मी सल्फेट वाचलं, सामू वाचला, गढूळपणा वाचला. पाणी भरपूर गढूळ होतं. इतकं गढूळ पाणी पाहून मला आयुष्यात कधी आनंद झाला नव्हता.

कमलाबाईंना फोन केला. पलीकडे त्यांनी तो आकडा मोठ्याने कोणाला तरी सांगितला आणि नायकांचा आवाज आला, की उद्या सकाळी माणसं लावून विहीर उपसायला घेतो. मी बजावलं, की लगेच प्यायचं नाही. गाळ काढायचा, काठ बांधायचा, ब्लीचिंग टाकायचं, मग जंतूंची तपासणी. चार-पाच दिवस तरी. त्या म्हणाल्या, कागद येईपर्यंत नाई पेत, आणि थोडंसं हसल्याही.

घरी पोचायला साडेसात झाले. वंदना कणीक मळत होती. मी ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. दोन पूर्णांक नऊ काय, शून्य पूर्णांक सात काय, रकान्यात स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहिली ते जरा सावकाश, अडखळत सांगितलं, म्हणजे तिला मध्ये काही म्हणायचं असेल तर म्हणता यावं. तिने कणीक झाकली, हात धुतले.

"अहो, विहीर पाच दिवसांनी. पंप लाल. मग उद्या त्या लेकरांची खिचडी कशात शिजणार?"

हे मी मोजलेलं नव्हतं. शेजारच्या गावचा नळ परवा, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"आपल्या नळाचं किती आहे, तुमच्या त्या यंत्रात?"

"शून्य पूर्णांक चार."

तिने सज्जाखालचे दोन वीस-वीस लिटरचे कॅन ओढून काढले, झाकणं उघडून आत पाहिलं. मी पुढे होऊन एक हातात घेतला, तर तिने तो परत काढून घेतला.

"तुम्ही फक्त सकाळी गाडीवर बांधून न्या, पाचही दिवस. धुते मी. तुमच्या पद्धतीनं धुवायला बसलात तर ती लेकरं संध्याकाळी जेवतील."